मराठी मिस्सा, वसईच्या विहिरी आणि एका फादरचं अध्यक्षपद

आजचा भाग एका प्रश्नावर आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये बातमी आली की ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली आहे. संमेलन होतं जानेवारी २०२० मध्ये, उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला. या पदावर येणारे ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. बातमी आली आणि काही संघटनांनी विरोध सुरू केला. मराठी संमेलनाचा अध्यक्ष पाद्री कसा, असा त्यांचा सवाल होता.

बरेच जण अशा प्रश्नावर चिडून उत्तर देतात किंवा हसून सोडून देतात. आपण तसं करणार नाही. खरंच, कसा? एक कॅथलिक धर्मगुरू मराठी साहित्याच्या व्यासपीठापर्यंत कोणत्या वाटेनं पोहोचला? ती वाट वाटते तितकी सरळ नाही.

सगळ्यात सोपं उत्तर तुम्ही ऐकलं असेल. "अहो, फादर स्टीफन्स!" थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू. १५७९ साली गोव्याला आले, इथलेच झाले, आणि १६१६ साली त्यांचं 'क्रिस्तपुराण' छापून बाहेर आलं. जवळपास अकरा हजार ओव्या! नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांची पूर्वीची पुराणं सुटली होती, त्यांना ऐकायला काहीतरी हवं होतं. स्टीफन्सनी त्यांच्यासाठी बायबलची कथा पुराणाच्या घाटात, ओवी छंदात लिहिली. स्वर्गासाठी त्यांनी चक्क 'वैकुंठ' हा शब्द वापरला. मराठी भाषेची त्यांनी केलेली स्तुती आजही मराठी दिनाला फॉरवर्ड होत असते.

पण इथे जरा थांबा. स्टीफन्सपासून दिब्रिटोंपर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही. ती रेघ मध्ये तुटलेली आहे.

१६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयनं हुकूम काढला की लोकांनी स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं. ज्या भूमीत एका धर्मगुरूनं अकरा हजार ओव्या लिहिल्या, तिथेच सत्तर वर्षांच्या आत सत्तेला लोकांची भाषा अडचणीची वाटायला लागली. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होतं, म्हणजे धर्मन्यायालय. लोकांचे सण, लग्नाचे विधी, घरातले रीतिरिवाज यांच्यावर त्याची नजर असायची. मधल्या थोड्या खंडानंतर ते पुन्हा सुरू झालं आणि १८१२ पर्यंत चाललं. देवळं पाडली गेली, लोक देव घेऊन नदीपलीकडे पळाले. हा इतिहास खरा आहे. २०१९ मध्ये विरोध करणाऱ्यांपैकी काहींच्या मनात हाच इतिहास होता, आणि तो झाकून ठेवून आपल्याला पुढे जाता येणार नाही.

आता गोव्याहून उत्तरेला वसईत येऊया, कारण दिब्रिटो वसईचे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहानं वसई पोर्तुगीजांना दिली. पुढची दोनशे वर्षं तिथे त्यांचं राज्य होतं. किल्ल्यात चर्च आणि मठ उभे राहिले, आजूबाजूच्या गावांत धर्मांतरं झाली. मग मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. मराठेशाहीतला हा मोठा विजय. वाईजवळच्या मेणवलीला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात ज्या मोठ्या घंटा आहेत, त्या वसईच्या मोहिमेतून आल्या असं सांगितलं जातं.

शाळेच्या पुस्तकात वसईची गोष्ट इथे संपते. पण नंतर तिथल्या ख्रिस्ती लोकांचं काय झालं? पोर्तुगीज जहाजात बसून गेले. हे लोक कुठे जाणार? त्यांची केळीची बाग इथे, विहीर इथे, भाऊबंद इथे. ते राहिले. आधी मराठ्यांच्या राज्यात, नंतर इंग्रजांच्या. जो राजा त्यांचा धर्म घेऊन आला होता तो गेला, आणि तरी त्यांनी धर्म ठेवला. घरात ते बोलत राहिले सामवेदी, वाडवळी, कोळी, म्हणजे आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्याच बोली. वसईतली सामवेदी बोली, जिला कादोडीही म्हणतात, आजही हिंदू आणि ख्रिस्ती अशा दोन्ही घरांत बोलली जाते.

मुंबई, ठाणे, साष्टी भागातल्या अशाच ख्रिस्ती लोकांना पुढे आणखी एक नाव मिळालं, आणि ते त्यांनी स्वतःच घेतलं. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, त्यांनी स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवून घेतलं. गोवा आणि मंगळूरहून नोकरीसाठी येणाऱ्या कॅथलिकांपेक्षा आपण वेगळे, इथले मूळचे, हे इंग्रज सरकारला कळावं म्हणून. नाव बघा, इंग्रजी कंपनीची आठवण करून देणारं. सांगायचं काय होतं? तर आम्ही इथलेच. आपण कोण हे सतत सिद्ध करत राहायची सवय या समाजाला फार आधीपासून लागलेली आहे.

आणि चर्चमध्ये काय चाललं होतं? लॅटिन. प्रवचन लोकांच्या भाषेत असायचं, भक्तीची गाणी असायची, पण मुख्य उपासना, मिस्सा, लॅटिनमध्ये. फादर वेदीकडे तोंड करून आणि लोकांकडे पाठ करून प्रार्थना म्हणायचे. लोक गुडघे टेकायचे, पाठ केलेली उत्तरं म्हणायचे. म्हणजे स्टीफन्सच्या साडेतीनशे वर्षांनंतरही वसईचा शेतकरी रविवारी ज्या भाषेत देवासमोर उभा राहायचा, ती त्याला कळत नव्हती.

ही गोष्ट बदलली रोममध्ये. ११ ऑक्टोबर १९६२ ला पोप तेविसावे जॉन यांनी दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू केली. जगभरातले दोन हजारांहून जास्त बिशप एकत्र आले. परिषद ८ डिसेंबर १९६५ पर्यंत चालली. त्यातले दोन निर्णय आपल्या गोष्टीसाठी महत्त्वाचे आहेत.

पहिला, डिसेंबर १९६३ चा. उपासनेत लोकभाषा वापरायला मोकळीक मिळाली. दुसरा, डिसेंबर १९६५ चा. चर्चनं आजच्या जगाशी बोलायचं, माणसांचे आनंद आणि दुःखं, विशेषतः गरिबांची, आपली मानायची. गंमत म्हणजे याच दरम्यान, डिसेंबर १९६४ मध्ये, पोप सहावे पॉल स्वतः मुंबईला येऊन गेले होते.

वरवर पाहिलं तर हा धर्माच्या आतला कारभार. पण त्याचा परिणाम बघा. फादर आता लोकांकडे तोंड करून उभे राहिले आणि मराठीत बोलायला लागले. प्रार्थना मराठीत करायच्या म्हणजे त्या कोणीतरी लिहायला हव्यात. गाणी रचायला हवीत, चाली लावायला हव्यात. 'ग्रेस'ला काय म्हणायचं? 'कृपा'. 'गॉस्पेल'ला? 'शुभवर्तमान'. हे शब्द नीट बसायचे असतील तर तुकाराम वाचावा लागतो, ज्ञानेश्वरी वाचावी लागते. एका अख्ख्या पिढीच्या धर्मगुरूंना मराठी साहित्याकडे जावंच लागलं. याचं एक उदाहरण म्हणजे थॉमस डाबरे. त्यांनी तुकोबांच्या ईश्वरानुभवावर संशोधन करून डॉक्टरेट मिळवली, आणि १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तेव्हा तेच तिथले पहिले बिशप झाले. तुकोबांचा अभ्यासक बिशप! आहे ना भारी?

पण यातही एक खोच आहे. चर्चमध्ये आली ती प्रमाण मराठी, पुस्तकातली. घरातली कादोडी किंवा वाडवळी वेदीपर्यंत तेवढी पोहोचली नाही. वसईच्या आजीला लॅटिनपेक्षा ही मराठी नक्कीच जवळची होती, पण ती तिच्या चुलीजवळची नव्हती. एक भाषा आत येते तेव्हा दुसरी दाराबाहेर राहू शकते, हे लक्षात ठेवूया.

फ्रान्सिस दिब्रिटो या पिढीतले. वसई तालुक्यातलं नंदाखाल हे त्यांचं गाव. १९७२ साली ते धर्मगुरू झाले, आणि १९८३ पासून २००७ पर्यंत 'सुवार्ता' या मराठी मासिकाचे संपादक होते. चर्चशी जोडलेलं हे मासिक त्यांनी समाजातल्या प्रश्नांकडे वळवलं. पुढे त्यांनी 'सुबोध बायबल' लिहिलं, साध्या आजच्या मराठीत. पण महाराष्ट्राला त्यांचं नाव आधी कळलं ते एका आंदोलनामुळे.

वसईच्या पश्चिम पट्ट्याचं चित्र डोळ्यांसमोर आणा. रेल्वे आणि समुद्र यांच्यामधली हिरवी वाडी. केळी, पानवेली, फुलं, भाजी. पहाटेच्या गाडीनं मुंबईला जाणारा माल. सगळ्याचा जीव विहिरीत आणि बावखलात. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, पावसाचं पाणी साठवणारं आणि जमिनीत मुरवणारं. समुद्र शेजारीच असल्यामुळे गोडं पाणी जास्त उपसलं की खारं पाणी आत येतं. एकदा विहीर खारी झाली की बाग संपली.

१९८०च्या दशकात मुंबई उत्तरेकडे फुगत होती. वसईत जमीन स्वस्त, बिल्डरांची नजर पडली. दशकाच्या शेवटी हरित पट्टा बांधकामाला मोकळा करण्याचे सरकारी निर्णय झाले. इमारतींना पाणी हवं, म्हणून विहिरींवर टँकर लागायला लागले. तेव्हा उभी राहिली हरित वसई संरक्षण समिती. फादर दिब्रिटो पुढे होते, पण समितीत हिंदू होते, ख्रिस्ती होते, समाजवादी विचारांचे कार्यकर्ते होते. मोर्चे निघाले, उपोषणं झाली. गावागावांतल्या बायका रस्त्यावर आल्या, कारण पाणी भरणाऱ्या त्याच होत्या.

चर्चच्या आतूनही कुरकुर होती. फादरनी मिस्सा करावी, राजकारणात कशाला पडायचं? बाहेरून धमक्या होत्या. आणि मधे एक साधा युक्तिवाद होता. विहीर खारी होताना ती हिंदूची आहे की ख्रिस्त्याची, हे पाणी विचारत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी पर्यावरणावरचं प्रसिद्ध परिपत्र काढलं ते २०१५ मध्ये. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश यांना वेगळं करता येत नाही, अशी त्याची भूमिका. वसईच्या शेतकऱ्यांना हे त्याच्या पंचवीसेक वर्षं आधी कळलं होतं, कुठलंही परिपत्र न वाचता.

आंदोलन जिंकलं का? अर्धवट. नालासोपारा, विरार, वसई रोडला आज काय आहे ते तुम्ही लोकलमधून बघता. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या पुढे गेली होती. २००९ मध्ये महानगरपालिका झाली, तेव्हा गावांनी आम्हाला वगळा म्हणून पुन्हा लढा दिला आणि त्याच वर्षी विवेक पंडित यांना आमदार म्हणून निवडून दिलं. तरीही पश्चिमेच्या गावांत आज जी हिरवळ शिल्लक आहे, तिच्यामागे त्या मोर्च्यांचा मोठा वाटा आहे.

आता उस्मानाबादला परत जाऊया. संत गोरोबा काकांच्या नावाची साहित्यनगरी. उद्घाटक कवी ना. धों. महानोर. त्यांनाही येऊ नका असं सांगितलं गेलं होतं, ते आले. दिब्रिटोंची पाठ इतकी दुखत होती की ते व्हीलचेअरवरून आले. आले, बोलले. पर्यावरणावर बोलले आणि माणसामाणसांत पसरणाऱ्या द्वेषावरही बोलले.

मग "पाद्री कसा?" याचं उत्तर काय? माझ्या मते, स्टीफन्सच्या ओव्या पुढे करणं हे कमजोर उत्तर आहे. त्यात आपण नकळत मान्य करतो की कोणाला मराठी म्हणवून घ्यायचं असेल तर त्यानं चारशे वर्षांपूर्वीची पावती दाखवावी. शिवाय तीच चारशे वर्षं उघडली की १६८४ चा हुकूमही निघतो आणि इन्क्विझिशनही निघतं. इतिहासाच्या पावत्या दोन्ही बाजूंना सापडतात.

खरं उत्तर साधं आहे. तो माणूस मराठीत जगला. मराठीत प्रार्थना केली, मराठीत मासिक चालवलं, मराठीत मोर्चाला भाषण केलं, मराठीत शिव्या खाल्ल्या. श्रद्धा लोकांच्या भाषेत आली, मग लोकांच्या पाण्यापर्यंत गेली, आणि त्यातून साहित्यापर्यंत पोहोचली. हा क्रम महत्त्वाचा आहे. सत्तेच्या आधारानं आलेला धर्म लोकांना हुकूम देत होता. सत्ता गेल्यावर राहिलेला धर्म लोकांबरोबर रांगेत उभा राहायला शिकला.

२५ जुलै २०२४ ला फादर दिब्रिटो गेले. पण प्रश्न आता वेगळ्या तोंडानं उभा आहे. वसईतली मुलं इंग्रजी माध्यमात जातात, इंग्रजी मिस्सेला गर्दी होते, कादोडी बोलणारी आजी व्हॉट्सॲपवर नसते. हे फक्त ख्रिस्ती घरांत होतंय असं मुळीच नाही, तुमच्या-माझ्या घरातही तेच आहे. १९६३ मध्ये रोमनं परवानगी दिली म्हणून मराठी वेदीवर आली. आता ती तिथून निघाली, तर ती कोणी हाकलल्यामुळे नसेल, आपण वापरायची सोडल्यामुळे असेल.

तुम्ही वसई, उत्तन, गोराई किंवा अलिबागकडचे असाल, आणि तुमच्या घरात मिस्सा लॅटिनमधून मराठीत झाल्याचा दिवस आठवणारं कोणी असेल, तर त्यांना आज बसवून विचारा. फोनचा रेकॉर्डर चालू करून ठेवा. ते कोणत्या बोलीत सांगतात, तेही नीट ऐका. भेटूया पुढच्या भागात.