सोडलेला पट्टा आणि पांजरपोळ



गेल्या रविवारी नातीला घेऊन मुंबईतल्या आमच्या भागातल्या श्वान उद्यानात गेले. आत शिरून फाटक लागलं की मालक पट्टे सोडतात आणि कुत्री नुसती उधळतात. नात म्हणाली, "आजी, सुटल्यावर कशी हसतायत बघ!"

मला अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आठवले: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. भराभर म्हणून टाकतो आपण. त्यातला पहिलाच बंध, म्हणजे मुक्या जिवाला जखडून ठेवणं.

याच मुंबईत कुत्र्यांवरून एकदा दंगल झाली होती. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारण्याचा इंग्रजांचा नियम होता. १८३२ साली त्याची मुदत १५ जूनपर्यंत वाढवली. एका कुत्र्यामागे आठ आणे मिळत, त्या लोभाने पाळलेली कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली. पारशांना कुत्रा पवित्र. अंत्यविधीत मृतदेहाला त्याची दृष्टी देण्याची त्यांची रीत आहे. ६ जूनला चिडलेल्या पारशी जमावाने कुत्री मारणाऱ्या शिपायांना चोप दिला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद! पारशांबरोबर आपले जैन आणि हिंदू व्यापारीही उतरले. कुलाब्याच्या पलटणीची रसद अडवली गेली. सैन्य आलं, धरपकड झाली. पण पुढे कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर न्यायचं ठरलं.

वध टळला. पण बाहेर नेलेल्या जिवाच्या अन्नपाण्याचं काय?

त्याचं उत्तर दोन वर्षांनी मिळालं. १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि आपले मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने भुलेश्वरजवळ मुंबईची पांजरपोळ उभी राहिली. भायखळ्याचं आदिनाथ मंदिर आणि शत्रुंजयावरची टूक बांधणारे तेच हे मोतीशा. एक पारशी, एक जैन. धर्म वेगळे, पण मुक्या जिवांसाठी हात एकत्र आले. आज तिथे मुख्यतः गाई दिसतात, पण सुरुवातीच्या आसऱ्यात कुत्रीही होती.

आता माझी चूक सांगते. आमच्या सोसायटीने गल्लीतली कुत्री दूर नेऊन सोडावीत असं पत्र लिहिलं, त्यावर माझीही सही होती. जिन्यात लहान मुलं घाबरतात, हे खरंच आहे. पण "दूर न्या" म्हणजे माझ्या डोळ्यांआड न्या, एवढंच. मोतीशांनी डोळ्यांसमोर, भर वस्तीत जागा दिली.

परवा सही मागे घेतली. गल्लीतल्या चौघींची नसबंदी आणि लस करून घ्यायची, खर्च आम्ही सहा घरांनी वाटून घ्यायचा, असं ठरवलंय. पहिली फेरी शुक्रवारी. नात म्हणते, "आजी, त्यांना मग परत इथेच सोडायचं ना?"

हो बाळा, इथेच.