उतरवलेल्या गाडीचा इतिहास

मराठीत ‘खाली’ या शब्दाला प्रतिष्ठा नाही. मान खाली जाते, भाव खाली येतो, माणूस खालच्या पायरीवर उभा असतो. म्हणूनच, आपली चांगली चालती गाडी मुद्दाम चार-सहा इंच खाली उतरवून तिच्यात अभिमानाने बसणाऱ्या माणसांचा इतिहास आपल्याला प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटतो. तो इतिहास कॅलिफोर्नियातील मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांचा आहे आणि त्याचे पुष्कळसे लेखन घराच्या अंगणात, जॅक आणि पान्यांच्या साहाय्याने झाले आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर या वस्त्यांतील तरुण सैन्यातून परतले. हातात थोडे पैसे होते, यंत्रांची ओळख झाली होती आणि युद्धपूर्व काळातील जुन्या शेव्हरोले गाड्या स्वस्तात मिळत होत्या. गोऱ्या तरुणांना त्या काळी वेगाचे वेड होते; त्यांच्या ‘हॉट रॉड’ गाड्या कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांत धावत. मेक्सिकन तरुणांनी नेमकी उलट दिशा धरली. ‘बाहितो इ सुआवेसितो’, म्हणजे खालून आणि अगदी सावकाश, हे त्यांचे ब्रीद झाले. 1943 च्या जून महिन्यात लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर खलाशी आणि सैनिकांनी ‘झूट सूट’ घालणाऱ्या याच समाजातील मुलांना मारहाण करून त्यांचे कपडे फाडले होते. घोळदार पोशाख काय किंवा संथ चालणारी गाडी काय, आम्ही येथे आहोत आणि आमच्याकडे पाहा, असेच दोन्हींचे म्हणणे होते.

प्रारंभीचे उपाय साधे होते. डिकीत वाळूची पोती ठेवत, स्प्रिंगचे वेढे कापत किंवा गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून दबवत. हा शेवटचा उपाय घातकच, कारण तापवलेल्या पोलादाचा पीळ जातो. पिकअप ट्रकच्या मागच्या बाजूला पाटे असतात, तेथे वेगळी युक्ती लागते. आस पाट्यांच्या वर बसलेली असेल, तर यू-बोल्ट सोडवून मध्ये दोन-तीन इंचांचा ठोकळा बसवावा. गाडी तेवढी खाली येते. आस पाट्यांच्या खाली असेल, तर तोच ठोकळा गाडीला उलट वर चढवतो. अशा वेळी आसच खालून काढून पाट्यांवर न्यावी लागते. ठोकळा तोच, पण त्याचा अर्थ त्याच्या जागेवर ठरतो. साहित्याच्या विद्यार्थ्याला हे तत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

1958 पासून राज्याच्या वाहन कायद्यात एक कलम लागू झाले. गाडीत बदल करून तिचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या तळापेक्षा खाली आणला, तर तो गुन्हा. कलमाची भाषा निर्विकार आहे. तीत कोणत्याही जमातीचा उल्लेख नाही. परंतु गाड्या कोण उतरवत होते, हे रस्त्यावर उभ्या असलेल्या पोलिसाला ठाऊक होते. भाषेची निष्पक्षता आणि अंमलबजावणीची निष्पक्षता या दोन गोष्टी एक नव्हेत, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. 1959 मध्ये रॉन अग्विरे याने आपल्या कॉर्व्हेट गाडीला विमानांच्या जुन्या सुट्या भागांतून घेतलेली हायड्रॉलिक यंत्रणा बसवली. आता गाडी हवी तेव्हा खाली आणि पोलीस दिसताच वर! पुढे प्रदर्शनांतून उड्या मारणाऱ्या गाड्यांची जी कला विकसित झाली, तिचे मूळ एका कलमाला दिलेल्या या बगलेत आहे.

पूर्व लॉस एंजेलिसमधील व्हिटियर बुलेव्हार्ड हा या संथ मिरवणुकीचा मुख्य रस्ता. याच रस्त्यावरील एका कॅफेत 29 ऑगस्ट 1970 रोजी, व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या चिकानो मोर्चाच्या दिवशी, पत्रकार रुबेन सालाझार शेरीफच्या शिपायाने झाडलेल्या अश्रुधुराच्या नळकांड्याने ठार झाले. रस्ता कोणाचा, हा प्रश्न त्यामुळे केवळ हौसेचा राहत नाही. 1977 मध्ये सॅन होजे येथून ‘लोरायडर’ मासिक निघाले. आणि 1980 च्या दशकात अनेक शहरांनी अशा फेऱ्यांवरच बंदी घातली.

ही बंदी उठण्यास बराच काळ लागला. 2023 च्या ऑक्टोबरात राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी विधेयकावर स्वाक्षरी केली आणि 1 जानेवारी 2024 पासून फेऱ्यांवरील बंदी व उंचीचे ते जुने कलम, दोन्ही गेली.

या इतिहासाचे उदात्तीकरण करण्याचा मोह टाळला पाहिजे. तो बराच काळ पुरुषांचाच इतिहास म्हणून सांगितला गेला, आणि आज बंडखोरीही खोक्यात बांधून विकत मिळते. ठोकळे, लांब यू-बोल्ट, आखूड शॉकअब्सॉर्बर आणि सूचनापत्र असा संच घरपोच येतो. कुणीही सुटीच्या दिवशी तो बसवू शकतो. सूचनापत्रात प्रत्येक बोल्ट किती घट्ट करावा हे लिहिलेले असते; त्या चार इंचांसाठी कोणी दंड भरला, हे मात्र लिहिलेले नसते. ते लिहिणे हे इतिहासाचे काम आहे. खाली येणे म्हणजे नमणे नव्हे, एवढे जरी त्यातून आपल्या ध्यानी आले, तरी ‘खाली’ या आपल्या शब्दाकडे आपण पुन्हा एकदा पाहू.