कमांडनामे, युनिक्समधील

युनिक्स आणि तिच्या वळणावर गेलेल्या लिनक्ससारख्या प्रणालींत टर्मिनलवर टाइप करायच्या कमांडची नावे आखूड, स्मॉल लिपीत आणि बऱ्याचदा स्वर गाळलेली असतात. फाइलींची यादी हवी तर ‘एलएस’, प्रत काढायला ‘सीपी’, हलवायला ‘एमव्ही’, पुसायला ‘आरएम’. ही काटकसर हौसेची नव्हती. १९६९पासून बेल लॅब्समध्ये केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची ही प्रणाली घडवत होते, तेव्हा त्यांच्यासमोर टेलिटाइप यंत्र असे. कळा जोर लावून दाबायच्या आणि छपाई सेकंदाला जेमतेम १० अक्षरांची. ‘एलएस’सारखे आखूड रूप तर आधीच्या मल्टिक्स प्रणालीतच रुळलेले होते.

‘ग्रेप’ हे नाव मात्र मुळात एक आख्खी आज्ञा आहे. ‘ईडी’ या संपादकात ‘जी’, मग दोन तिरक्या रेघांमध्ये शोधायचा नमुना आणि शेवटी ‘पी’ लिहिले, की जुळणाऱ्या सगळ्या ओळी छापल्या जात. नमुन्याला ‘आरई’ म्हणत. टॉम्प्सन यांनी हे काम वेगळ्या प्रोग्राममध्ये काढले आणि सूत्रच त्याचे नाव झाले. ‘ऑक’ हे एहो, वाइनबर्गर आणि कर्निहन या तिघा कर्त्यांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून झाले. पाने फक्त पुढे उलटणाऱ्या ‘मोर’नंतर मागेही येणारा प्रोग्राम आला, त्याचे नाव ‘लेस’. ही निव्वळ थट्टा.

या नावांना नावे ठेवणारेही जुनेच. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८१ साली ‘डेटामेशन’ मासिकात त्यांचा खरपूस समाचार घेतला. फाइल वाचण्यासाठी ‘कॅट’ टाइप करावे हे नवख्याला कसे सुचणार, ही तक्रार रास्तच आहे. पण एकदा असंख्य स्क्रिप्टांत शिरलेले नाव बदलता येत नाही. ‘अनमाउंट’चे आखूड रूप असलेल्या ‘यूमाउंट’मधला गळलेला ‘एन’ आजही परतलेला नाही.

युनिक्ससारख्या प्रणालींसाठीचे पॉझिक्स मानक कमांडचे नाव २ ते ९ अक्षरांचे, स्मॉल अक्षरे व अंक यांपुरते ठेवायला सांगते. त्याहून मोलाची खबरदारी म्हणजे नाव आधीच कुणी घेतलेले नाही ना, हे पाहणे. शिकाऊ मंडळी पहिल्या प्रोग्रामला हटकून ‘टेस्ट’ म्हणतात, एंटर दाबतात आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. कारण चालते ती शेलची, म्हणजे टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामची, स्वतःची ‘टेस्ट’. खुद्द स्टीफन बोर्न यांनाही ही अडचण आली. त्यांच्या शेलमध्ये ‘इफ’ उलटून ‘फाय’ने मिटतो, ‘केस’ ‘एसॅक’ने, पण ‘डू’ उलटून होणारे ‘ओडी’ हे नाव फाइल अष्टमान अंकांत दाखवणाऱ्या कमांडकडे होते, म्हणून तिथे ‘डन’ आले.

मायक्रोसॉफ्टने २००६मध्ये पॉवरशेल आणताना उलटी वाट धरली: आधी क्रियापद, मग जोडरेघ, मग नाम. फाइलींची यादी मागायला ‘गेट-चाइल्डआयटम’. विंडोजवरचे पॉवरशेल त्यासाठी ‘एलएस’ही स्वीकारते.