छंदाचा धागा गिरणीतला

यंत्र आले आणि हातकाम मेले, असे आपण सहज म्हणून जातो. गिरण्यांनी चरखा मोडला, विणकर देशोधडीला लागले आणि या पडझडीतून जे थोडेफार वाचले ते हौशी माणसांनी छंद म्हणून जपले, अशी ती मांडणी असते. हातमागाच्या कापडापुरते तिच्यात बरेच तथ्य आहे. पण दोन सुयांवरचे विणकाम, क्रोशा आणि भरतकाम यांचा इतिहास पाहू लागलो की ही मांडणी उलटी करावी लागते. हे छंद गिरणीच्या तडाख्यातून कसेबसे वाचलेले नाहीत. आज ते ज्या रूपात आपल्या ओळखीचे आहेत, ते रूप त्यांना गिरणीनेच दिले. एकसारख्या जाडीच्या लोकरीचा गुंडा, नंबर घातलेल्या सुया आणि छापील नमुना या तीन गोष्टी बाजूला काढा. मग मागे उरते ते पोटासाठी किंवा गरजेपोटी केलेले काम. त्यातही रस होता, कसब तर होतेच. पण मनात आले तेव्हा ते खाली ठेवण्याची मुभा नव्हती.

इंग्लंडचेच उदाहरण घेऊ, कारण पुढे मिशनरी बायकांच्या पिशवीतून आपल्याकडे आलेली कला बऱ्याच अंशी तिथली होती. सोळाव्या शतकात तिथे विणलेल्या मोज्यांना मोठी मागणी आली. यॉर्क, लिंकन, लेस्टर अशा शहरांत गरिबांच्या मुलांना विणकाम शिकवणाऱ्या शाळा निघाल्या. हेतू असा, की पोरे चार पैसे मिळवतील आणि गावावर त्यांचा भार पडणार नाही. १५८९च्या सुमारास नॉटिंगहॅमशायरमधल्या विल्यम लीने मोजे विणणारे यंत्र बनवले, तेव्हा गरीब विणणाऱ्यांच्या पोटावर पाय येईल म्हणून राणी एलिझाबेथने त्याला एकाधिकार नाकारला, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. कथा किती खरी हा प्रश्न वेगळा, पण विणकामाकडे लोक कशा नजरेने पाहत होते हे तिच्यातून कळते. यॉर्कशायरच्या डोंगरी भागात, डेंटसारख्या गावांत, हा धंदा एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकला. बाया, पोरे आणि पुरुषही गुरे राखताना, बाजाराच्या वाटेवर चालताना विणत असत. कमरपट्ट्यात एक कोरीव लाकडी दांडी खोचलेली असे. तिच्या टोकाच्या भोकात उजव्या सुईचे मागचे टोक रोवले, की सुईचा भार दांडीवर पडे, हात मोकळा राही आणि टाके भराभर पडत. व्यापारी लोकर देई आणि तयार माल गोळा करून नेई. हिवाळ्याच्या रात्री शेजारीपाजारी एकाच घरी जमत. कारण तशी एकच शेगडी आणि एकच दिवा पुरे. या सगळ्यात छंद शोधायला जाणे हा त्या कष्टांवर अन्याय होईल.

मग बदलले काय? बदलला तो धागा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हारग्रीव्ह्ज, आर्कराइट आणि क्रॉम्प्टन यांच्या यंत्रांनी सूतकताईचा कायापालट केला आणि पुढे लोकरीचा धागाही गिरणीत निघू लागला. हाताने कातलेला धागा कातणाऱ्याच्या हाताप्रमाणे कुठे जाड, कुठे बारीक येतो. गिरणीचा धागा या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा, आणि पुढच्या महिन्यात घेतला तरी जवळपास तसाच. विणणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक केवढा, हे साध्या हिशेबात दिसते. इंचाला पाच टाके बसत असतील तर १०० टाक्यांचा घेर २० इंच येतो. लोकर थोडी बारीक निघून इंचाला सहा टाके बसू लागले, तर त्याच १०० टाक्यांचा घेर १७ इंचांच्याही आत येतो, आणि नवऱ्याचा स्वेटर मुलाला घालावा लागतो. म्हणजे ‘एवढे टाके घाला, एवढ्या ओळी विणा’ ही सूचना कागदावर छापण्यात अर्थ तेव्हाच असतो, जेव्हा छापणाऱ्याच्या आणि विणणाऱ्याच्या हातातली लोकर सारखी असते. तोवर हे काम जवळ बसून, हात पाहूनच शिकावे लागे. एकसारख्या धाग्याने ते पुस्तकातून शिकता येईल असे केले.

१८४०च्या सुमारास हे बदल एकत्र आलेले दिसतात. एडिंबरोमध्ये लोकरीचे आणि शिवणसामानाचे दुकान चालवणाऱ्या जेन गोगेन यांनी १८४० साली विणकामाच्या नमुन्यांचे पुस्तक काढले आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. १८४२ साली लंडनला मिस लँबर्ट यांचे सुईकामाचे पुस्तक आले. त्याआधीच बर्लिनहून चौकटीच्या कागदावर रंगवलेले भरतकामाचे नमुने आणि त्यासाठी लागणारी मऊ, रंगीत लोकर युरोपभर जाऊ लागली होती. चौकट मोजायची आणि तेवढे टाके घालायचे, की चित्रकला न येणाऱ्या बाईच्या हातूनही गुलाबाचा गुच्छ उतरे. १८५६मध्ये पर्किन या रसायनशास्त्रज्ञाला कृत्रिम जांभळ्या रंगाचा शोध लागला आणि थोड्याच वर्षांत रंगांची रेलचेल झाली. फ्रान्स-जर्मनीच्या सीमेवरच्या म्युलहाउसमधील डीएमसी या सूतकंपनीच्या सहकार्याने तेरेझ द दिलमाँ यांनी १८८६ साली सुईकामाचा कोशच सिद्ध केला. अनेक भाषांत गेलेल्या त्या कोशात प्रत्येक कामाला कोणत्या नंबरचा धागा घ्यावा हे सांगितलेले होते. कारखान्याला धागा खपवायचा होता, हे उघडच आहे. पण त्यासाठी त्याला लाखो अनोळखी हातांना शिकवावे लागले. जी विद्या एका घराण्यात किंवा एका खोऱ्यात फिरत होती ती विकत मिळू लागली आणि म्हणूनच कुणालाही केवळ आवड म्हणून तिला हात घालता आला.

महाराष्ट्रात हीच गोष्ट वेगळ्या वाटेने घडली. सुई आपल्याला नवी नव्हती. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून, धावदोरा घालून गोधडी शिवणे घरोघर चाले. कपडे शिवायला शिंपी होता, कशिद्याचे कारागीर वेगळे होते. मात्र दोन सुयांवरचे विणकाम आणि क्रोशा या गोष्टी प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात मिशनरी बायकांनी आणल्या. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८२७च्या अखेरीस मुंबईत आल्या. मुंबईत आणि पुढे अहमदनगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. अशा शाळांत वाचन-लेखनाच्या बरोबरीने शिवणकाम असेच. मुलीला अक्षरओळख कशाला, असे विचारणाऱ्या पालकाला शिवण शिकण्याचा उपयोग पटकन पटे. पुढे समाजसुधारकांनी हेच काम स्वावलंबनासाठी हाती घेतले. १९०९मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनात शिवणकामाचे वर्ग ठेवले ते बायकांना, विशेषतः विधवांना, आपल्या पायांवर उभे करण्यासाठी. म्हणजे इथेही आरंभी हे काम छंद नव्हते. आधी ते वळण होते, मग मिळकतीचे साधन झाले.

छंद आला तो त्यानंतर, शहरी मध्यमवर्गाच्या घरात. कानपूरच्या लाल इमलीसारख्या गिरण्यांची लोकर, पुढच्या काळात लुधियानाची कृत्रिम लोकर, परदेशी आणि मग देशी भरतकामाचे दोरे बाजारात सहज मिळू लागले. स्त्रियांच्या मासिकांतून नमुने येऊ लागले. दोन सुलट, दोन उलट अशी बॉर्डर, मुंढ्याला टाके कमी करणे, क्रोशाची साखळी, खांब आणि मुका खांब ही भाषा घरात रुळली. या विणकामाचे छंदपण ओळखायला एक साधा पुरावा पुरेसा आहे, तो हवामानाचा. मुंबईत आणि कोकणात लोकरीच्या स्वेटरची गरज वर्षातून किती दिवस पडते? तरीही बाळंतविड्यात लोकरीचे टोपरे आणि पायमोजे हवेतच. रुखवतात क्रोशाचे रुमाल, मण्यांचे तोरण, भरलेले टेबलक्लॉथ मांडले जात, ते मुलीच्या हाताचे कसब व्याह्यांना दिसावे म्हणून. रेडिओवर घातलेल्या जाळीदार झाकणाची रेडिओला गरज नव्हती. थंडीसाठी विणलेला यॉर्कशायरचा मोजा आणि डोंबिवलीच्या चाळीत विणलेले टोपरे यांची कृती सारखी असली, तरी त्यांची कारणे अगदी वेगळी आहेत.

यावर पहिला आक्षेप येईल तो आनंदाचा. डेंटच्या बाया शेगडीभोवती जमून गोष्टी सांगत, गाणी म्हणत. गोधडी शिवणारी बाई रंगांची जुळवाजुळव करतेच. उत्तर कर्नाटकातील सिद्दी स्त्रिया, ज्यांच्या पूर्वजांपैकी काही जण गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या गुलामगिरीतून निसटून तिथल्या रानात गेले, आपल्या गोधडीच्या चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची त्रिकोणी ‘फुले’ लावल्याशिवाय ती पुरी झाली असे मानत नाहीत. त्या फुलांनी ऊब तसूभरही वाढत नाही. तेव्हा आनंद गिरणीने शोधून काढला असे म्हणता येणार नाही, आणि तसे म्हणायचेही नाही. आनंद जुनाच आहे. नवे आहे ते स्वातंत्र्य: काय करायचे ते निवडण्याचे, अर्धे टाकून देण्याचे, उसवून पुन्हा घालण्याचे. गोधडी अर्धी ठेवली तर थंडीत पोरे कुडकुडणार. मोजा अर्धा ठेवला तर व्यापारी पैसे देणार नाही. विकत मिळणारा स्वस्त स्वेटर दुकानात टांगलेला असतो, म्हणूनच हातातला स्वेटर तीन हिवाळे अर्धा राहू शकतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. हे स्वातंत्र्य कुणाचे? हात रिकामे नकोत म्हणून मुलींच्या हाती सुई दिली जाई. खाली मान घालून बसणे हाच त्यातला खरा धडा होता, आणि रुखवत ही तर एक परीक्षाच. हे मान्य करायलाच हवे. डेंटमध्ये पुरुषही विणत होते. धंदा बुडाल्यावर ते दुसऱ्या कामाला गेले आणि विणकाम ‘बायकांचे’ ठरले. तेव्हा विणकाम बायकांना उपजतच येते या समजुतीला इतिहासाचा आधार नाही. जिथे मजुरी संपली तिथे पुरुष उरले नाहीत, एवढाच तो हिशेब आहे. ‘फावल्या वेळातले काम’ हे लेबल फसवणुकीलाही वापरले गेले. आंध्रातील नरसापूर भागात मिशनऱ्यांनीच एकोणिसाव्या शतकात क्रोशाची लेस शिकवली आणि तिचा निर्यातीचा मोठा धंदा उभा राहिला. मारिया मीस यांनी १९८२च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की दिवसाचे कित्येक तास लेस विणणाऱ्या तिथल्या बायकांना कामगार न मानता घरी बसून वेळ घालवणाऱ्या गृहिणी मानले गेले आणि मजुरी नगण्य ठेवता आली. आयर्लंडमध्येही १८४५नंतरच्या दुष्काळात क्रोशाची लेस भुकेल्या घरांची मिळकत होती, त्याच वेळी लंडनच्या दिवाणखान्यांत तोच हूक विरंगुळ्याचा होता. सुई सारखी, धागा सारखा. छंद कुठला आणि मजुरी कुठली हे ठरते ते थांबण्याची मुभा आहे की नाही यावरून. त्यामुळे हा आक्षेप मूळ मांडणी खोडत नाही, उलट तिला कसोटी पुरवतो. जिला थांबता येत नाही तिच्या कामाला छंद म्हणू नये, आणि तिला मजुरी पुरी द्यावी.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा. आज चांगली लोकर घेऊन स्वेटर विणला तर तो दुकानातल्या तयार स्वेटरपेक्षा महाग पडतो, आणि त्यात हाताची मजुरी धरलेलीही नसते. मग हा उद्योग कशाला? पण पैसे वाचवण्यासाठी कुणी गायन शिकत नाही, आणि त्याबद्दल कुणी जाबही विचारत नाही. इथे तो विचारला जातो, कारण विणकाम कधीकाळी काटकसर होती ही आठवण अजून गेलेली नाही. या आक्षेपात मात्र एक गोष्ट मोलाची दडलेली आहे. हौशी बाई फक्त लोकरीचे पैसे धरून टोपरे विकते, तेव्हा बाजारात हाताच्या कामाची किंमत शून्य असल्याचे ती नकळत सांगून जाते. आणि ज्यांचे पोट खरोखर सुईवर आहे, त्या कच्छच्या, लखनौच्या किंवा नरसापूरच्या बायकांना तिच्याशी स्पर्धा करावी लागते. छंद निरुपद्रवी असतो, हा समज म्हणून पुरता खरा नाही.

पण याच छंदाने विणणाऱ्याला एक माहिती दिलेली असते, जी तयार कपडे घेणाऱ्याला कधीच मिळत नाही. हातभर लेसमागे किती संध्याकाळी जातात, एक टाका गळला की किती ओळी उसवाव्या लागतात, बारीक धाग्यावर डोळे कसे शिणतात, हे तिला ठाऊक असते. गिरणीने मजुरीची सक्ती काढून घेतली तेव्हा हे ज्ञान फुकट जायला नको होते. यॉर्कशायरच्या विणणाऱ्यांचा भाव व्यापारी ठरवी, नरसापूरच्या बायकांचा निर्यातदार. दोघांनाही एक टाका घालायला किती वेळ लागतो हे स्वतःच्या हाताने माहीत नव्हते. आज ते माहीत असलेली हजारो माणसे केवळ छंदामुळे तयार झाली आहेत. प्रदर्शनात हातकामाच्या साडीवर घासाघीस सुरू होते तेव्हा खरा हिशेब त्यांनीच मांडायला हवा, आणि आपले टोपरे विकताना हाताचे तास धरूनच विकायला हवे.