कणप्रारण चिकित्सा (डोके व मानेच्या दुर्मिळ कर्करोगांसाठी)

प्रोटॉन अथवा कार्बन आयन यांसारखे विद्युतभारित कण वेगवर्धकातून अर्बुदावर सोडण्याची उपचारपद्धती. क्ष-किरण शरीरातून आरपार जाताना वाटेतील निरोगी ऊतींनाही मात्रा देतात. हे कण मात्र आपली बरीचशी ऊर्जा ठरावीक खोलीवर, म्हणजे ‘ब्रॅग शिखरा’पाशी, सोडून थांबतात. या गुणाचा उपचारात उपयोग करण्याची कल्पना रॉबर्ट विल्सन यांनी १९४६ मध्ये मांडली.

कवटीच्या तळाशी होणारा कॉर्डोमा किंवा लाळग्रंथींत उद्भवून मज्जातंतूंच्या कडेने कवटीकडे सरकणारा ॲडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा शस्त्रक्रियेने पूर्ण काढणे अनेकदा अशक्य असते, कारण दृक्-तंत्रिका व मस्तिष्कस्तंभ काही मिलिमीटरवरच असतात. म्हणूनच रुग्णाचे डोके चेहऱ्यावर बेतलेल्या जाळीदार मुखवट्याने स्थिर करून मारा करतात. डीएनएच्या दोन्ही धाग्यांना अधिक इजा करणारे कार्बन आयन प्रारणरोधी अर्बुदांवर विशेष आशादायक ठरले असून जपानमध्ये चिबा येथे १९९४ पासून ते वापरले जातात. रुग्ण विरळ असल्याने मोठ्या तुलनात्मक चाचण्या कठीण जातात, त्यामुळे श्रेष्ठतेचे दावे सावधपणेच स्वीकारावेत. महाराष्ट्रात टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संकुलात २०२३ मध्ये प्रोटॉन उपचार सुरू झाले.