कोयता आणि शिर

आमच्या गावात 'जनगणना' हा शब्द फार उशिरा आला. वडिलांच्या पिढीची माणसं शिरगणती म्हणायची, आणि त्यांच्या आधीची मर्दुमशुमारी. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, कचेरीची भाषा उर्दू, त्यामुळे शब्दही तिकडचाच. मर्दुम म्हणजे माणसं, शुमारी म्हणजे मोजणी.

इंग्रजांनी देशभर एकाच वेळी पहिली शिरगणती केली ती १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्री. निजामाच्या मुलखातही तेव्हाच पहिल्यांदा माणसं मोजली गेली. पुढं १९३१ पर्यंत हीच रीत चालली. नावं आधी लिहून ठेवायची आणि ठरल्या रात्री घरोघर फिरून ताळा घ्यायचा. चांदणं असेल, मोठी जत्रा किंवा लग्नाची तीथ नसेल, अशी रात्र निवडत. आमचे आजोबा सांगायचे, "दवंडी दिली व्हती, रातीला कुणी गाव सोडू नका म्हणून. कंदील घिऊन माणसं आली आन् घरात किती हायेत, इचारून गेली." एका रात्रीत देश मोजायचा तर लाखो माणसं कामाला लावावी लागत. १९४१ पासून ती रीत सोडून दिली. १९५१ ची गणना स्वतंत्र भारतातली पहिली आणि आमच्या गावाला निजामी गेल्यानंतरचीही पहिलीच.

लोकांना मात्र मोजून घ्यायचं भ्यावच वाटायचं. लेकरं मोजू नयेत, दृष्ट लागते, असं बाया म्हणायच्या. शेतसारा वाढवायला आलेत, असं गडी म्हणायचे. आणीबाणीनंतर तर १९८१ ला "नसबंदीची यादी असंल" म्हणून किती जणांनी लेकरांची संख्या कमी सांगितली, ते गावाला ठाऊक आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो आणि १९९१ ला माझ्या हाती पहिल्यांदा गणनेचे कागद आले. ९ ते २८ फेब्रुवारी घरोघर जायचं. २८ च्या रात्री देवळात, पाराखाली, स्टँडवर निजलेले बिनघराचे लोक मोजायचे. १ मार्चची पहाट हा देशाचा मोजणीचा क्षण. मग १ ते ५ मार्च पुन्हा फेरी मारायची. मधल्या काळात कुणी जन्मलं, कुणी गेलं, तर आकडा दुरुस्त करायचा.

पहिला प्रश्न कुटुंब कशाला म्हणायचं, हाच. सरकारचं उत्तर आमच्या बायांच्या उत्तराशी जुळणारं होतं: एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. एका वाड्यात तीन भाऊ, पण चुली तीन, तर कुटुंबंही तीन. वय विचारलं की म्हातारी माणसं साल सांगत नसत. "रझाकाराच्या टायमाला म्या औत धरत व्हतो," असं सांगत. त्यावरून आपण हिशेब करायचा. जरा तरुण असला तर बहात्तरचा दुष्काळ कामाला यायचा.

बायांच्या कामाचा रकाना सगळ्यात अवघड. दारातला गडी सांगायचा, "ती काय करती? काय न्हाई, घरीच असती." आणि ती मागं उभी, हातात खुरपं, पदराला माती. त्या वर्षीच्या प्रश्नातच लिहिलेलं होतं की घरच्या शेतात बिनपगारी राबणं हेही काम धरायचं. मी मुद्दाम तिलाच विचारायचो, "मावशी, औंदा कापूस कुणी येचला?" ती हसायची. "आता कोन येचनार गुरुजी, मीच की."

पण आमच्या गावाची खरी अडचण निराळीच होती. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला निघतं. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी बेळगावकडं. परत यायचं पाडव्याच्या पुढंमागं. फेब्रुवारीत गल्लीच्या गल्लीला कुलूप. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली काही पोरं. गणनेचा नियम असा की, ९ ते २८ फेब्रुवारीत एक दिवस जरी माणूस आपल्या घरी असला तर तो तिथला धरायचा. पुऱ्या वीस दिवसांत आलाच नाही, तर तो जिथं सापडेल तिथं मोजायचा. म्हणजे आमची माणसं आमच्या गावात मोजली जाणारच नव्हती. ती मोजायची कारखान्याच्या शिवारात, पाचटाच्या कोपीवर. तीही पहाटे फडावर गेलेली आणि अंधार पडल्यावर कोपीला परतणारी.

मुकादमाच्या वहीत या माणसांचा हिशेब 'कोयता' म्हणून असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. गडी एकटाच असला तर अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते, तीही बहुतेक गड्याच्या हातात. त्या वहीत बाईचं नाव कुठंच नसतं. सरकारच्या शिरगणतीत तेवढं तिचं एक आख्खं शिर धरतात. तिचं नाव, वय, शिक्षण, काम, सगळं वेगळं. ते सुद्धा हुकलं, तर तिची नोंद राहणार तरी कुठं?

म्हणून २००१ च्या गणनेआधीच्या दिवाळीत मी टोळ्या निघायच्या वेळी घरोघर गेलो. वहीचं पान फाडून त्यावर कुटुंबातल्या सगळ्यांची नावं, वयं, शिक्षण लिहिलं आणि चिठ्ठी रेशनकार्डात घालून दिली. सांगितलं, "फेब्रुवारीत कागद घेऊन मास्तर येतील. कोपीवर कुणी तरी थांबा. भाषा कळली नाही तर ही चिठ्ठी दाखवा." एक म्हातारा म्हणाला, "गुरुजी, उद्या हे कागुद कोर्टात दाखीवलं तर?" मी त्याला १९४८ चा कायदा सांगितला. गणनेत सांगितलेली एकाची माहिती दुसऱ्या कुणाला पाहता येत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. त्याला कितपत पटलं देव जाणे, पण चिठ्ठी त्यानं घडी करून बंडीच्या खिशात ठेवली.

पाडव्याला माणसं परतल्यावर मी विचारत फिरलो. निम्म्याहून जास्त कोप्यांवर कुणी ना कुणी आलेलं होतं. काही जणी तर सांगत होत्या, "आमी चिठ्ठी दाखीवली, मास्तर लई खूश झाला." काही ठिकाणी मात्र कुणी फिरकलंच नाही. ती माणसं ना आमच्या गावात धरली गेली, ना तिथल्या. त्या वर्षी देशाची संख्या १०२ कोटींच्या वर निघाली, त्यात ती नव्हती.

एवढ्यानं काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. बिघडतं. गावाची लोकसंख्या १५०० च्या आत असली तर ग्रामपंचायतीला ७ सदस्य, त्यावर गेली तर ९. राखीव जागा त्याच आकड्यावर. डोंगरी भागात ३००० लोकांमागं एक आरोग्य उपकेंद्र, तेही गणनेवरच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं देशातल्या ग्रामीण भागात ७५ टक्क्यांपर्यंत लोकांना स्वस्त धान्य द्यायचं ठरलं, त्याचा आकडा २०११ च्या गणनेतून काढला. २०२१ ची गणना कोरोनात राहिली, म्हणून तोच जुना आकडा पुढं चालू राहिला. मधल्या काळात जन्मलेली पोरं शाळेत जायला लागली, पण त्या हिशेबात ती अजून जन्मलेलीच नाहीत.

आता सरकारनं १ मार्च २०२७ ही तारीख ठरवली आहे. या वेळी मोबाइलवर माहिती घेणार, स्वतःची माहिती स्वतः भरायचीही सोय ठेवली आहे, आणि १९३१ नंतर पहिल्यांदा सगळ्या जातींची नोंद होणार आहे. महिना मात्र तोच, ऐन तोडीचा. तेव्हा गावानं टोळ्या निघायच्या आधीच सावध व्हावं. ग्रामसभेत एकदा वाचून दाखवा. कोणती टोळी कुठल्या कारखान्याला चालली, ते लिहून ठेवा. बचतगटातल्या पोरींनी चिठ्ठ्या कराव्यात, म्हणजे वय आणि शिक्षण सांगताना कुणी अडणार नाही. आणि चिठ्ठीत बाईचं नाव नवऱ्याच्या खाली कोपऱ्यात लिहू नका. तिची ओळ वेगळी ठेवा आणि कामाच्या जागी 'घरीच असते' असं लिहू नका. 'ऊसतोड' असं स्पष्ट लिहा.