मळी ते सायलेन्सर

पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याची तरतूद करणारा भारतीय पॉवर अल्कोहोल कायदा १९४८ सालचा. तो २००० साली रद्द झाला. त्यानंतर वर्षभराच्या आतच, २००१ मध्ये, महाराष्ट्रातील मिरज व मनमाड आणि उत्तर प्रदेशातील बरेली परिसर येथे ५ टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. कायदा गेला आणि त्यातली कल्पना मागच्या दाराने परत आली. ही कल्पना अशी वारंवार का मरते आणि वारंवार का जगते, याचे उत्तर शोधायचे तर थोडे मागे जावे लागते.

पहिला मुक्काम अमेरिकेत आहे. मोटारीचे इंजिन जास्त दाबाखाली चालवले की पेट्रोल अवेळी पेटते आणि आतून ठोके ऐकू येतात. १९२१ च्या डिसेंबरात जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना त्यावर शिशाचे एक संयुग सापडले. ते अत्यल्प प्रमाणात घातले तरी ठोके थांबत. मद्यार्कानेही ते थांबतात, हे त्याच प्रयोगशाळेला ठाऊक होते. पण मद्यार्क कोणीही गाळू शकतो. त्यावर मक्तेदारी कशी सांगणार? शिशाचे तसे नव्हते. १९२४ साली न्यू जर्सीतल्या कारखान्यात हे संयुग बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, तरी शिसे टिकले. पुढची कित्येक दशके ते जगभरच्या सायलेन्सरमधून बाहेर पडत राहिले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल पूर्णपणे थांबायला २००० साल उजाडावे लागले.

दुसरा मुक्काम ब्राझीलचा. तिथे आयात पेट्रोलमध्ये ५ टक्के मद्यार्क मिसळण्याची सक्ती १९३१ सालीच झाली होती. १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७५ मध्ये, ‘प्रोआल्कूल’ हा राष्ट्रीय कार्यक्रम आला. १९७९ मध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ रस्त्यावर धावू लागली. या दोन्ही वेळी प्रश्न धुराचा नव्हता. पडलेल्या साखरेचे आणि महागलेल्या तेलाचे काय करायचे, हा होता. आपल्याकडेही तेच. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यापासून सुरू झालेल्या साखरपट्ट्यात मळी हे आधी ओझे होते, मग आसवनीमुळे उत्पन्न झाले. हवा शुद्ध होते, हा युक्तिवाद नंतर येऊन जोडला गेला. नंतर आला म्हणून तो खोटा ठरत नाही; पण तपासून मात्र घ्यावा लागतो.

तपासायचा तर लहान इंजिनापासून सुरुवात करावी, कारण आपला देश दुचाकींचा. इथेनॉलच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग ऑक्सिजनचा असतो. म्हणून १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, तर १ किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो पुरते. जुन्या स्कूटरच्या कार्ब्युरेटरचे छिद्र ठरलेले असते. इंधन बदलले हे त्याला कळत नाही. मिश्रणात इथेनॉल आले की इंधनाच्या मानाने हवा जास्त होते, ज्वलन अधिक पूर्ण होते आणि कार्बन मोनॉक्साइड घटतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात २० टक्के मिश्रणाने तो दुचाकीत ५० टक्के आणि चारचाकीत ३० टक्के घटल्याची नोंद आहे. न जळलेले हायड्रोकार्बन सुमारे २० टक्के कमी झाले. नायट्रोजनच्या ऑक्साइडबाबत मात्र एकच एक कल आढळला नाही. इंजिन बदलले की निकालही बदलला.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. पहिली टू-स्ट्रोकची. या इंजिनात ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर निसटतो. जे पेटलेच नाही, त्याला इथेनॉलमधला ऑक्सिजन काय करणार? तो निळा धूर हटला तो मुख्यतः फोर-स्ट्रोक इंजिनामुळे आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे. आणि कन्व्हर्टर शक्य झाला तो पेट्रोलमधून शिसे गेल्यामुळे. दुसरी गोष्ट नव्या गाड्यांची. एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ लागू झाल्यावर दुचाकीतही फ्युएल इंजेक्शन आणि ऑक्सिजन सेन्सर आले. हा सेन्सर हवा जास्त झालेली ओळखतो आणि इंधन वाढवून मिश्रण पूर्ववत करतो. म्हणजे इथेनॉलचा सर्वात ठळक फायदा जुन्या गाडीत दिसतो, आणि रबरी नळ्या व वॉशर खराब होण्याची भीतीही त्याच गाडीत जास्त.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. इथेनॉलमुळे ॲसिटाल्डिहाइड वाढतो. प्रमाण अगदी थोडे, मायक्रोग्रॅममध्ये, पण वाढतो हे खरे. आपल्या पीयूसी केंद्रावरची नळी पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते. ॲसिटाल्डिहाइड ती मोजत नाही. शिशाच्या कहाणीचा धडा इथे आठवतो: त्या काळी इंजिनाचे ठोके मोजले गेले, हवेतले शिसे मोजले गेले नाही. इथेनॉल म्हणजे शिसे नव्हे, दोघांना एका तराजूत घालणे अन्यायाचे होईल. पण काय मोजायचे हे विकणाऱ्याने ठरवू नये, एवढे तरी त्या शतकाने शिकवले आहे.

सायलेन्सरच्या तोंडाशी न मावणारा एक आकडा तर त्याहून मोठा आहे. उसापासून १ लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे हाच अहवाल सांगतो. दुष्काळी तालुक्यातल्या वाचकाला या आकड्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

जून २०२२ मध्ये देशाने १० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले आणि फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्क्यांचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. आता ऊस पिकवणारा शेतकरी त्याच उसाचा अंश पेट्रोल म्हणून विकत घेतो आणि पाठीवरच्या फवारणी पंपात भरतो. हंगाम संपला की पंप कोपऱ्यात पडून राहतो. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पाणी फार झाले की ते पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते, आणि पुढच्या पावसाळ्यात दोरी कितीही ओढली तरी इंजिन धरत नाही. उपाय सोपा आहे: पंप ठेवण्यापूर्वी टाकी रिकामी करावी. पण हे त्याला पेट्रोल पंपावर सांगितले जात नाही. १९४८ पासून या इंधनाचा हिशेब कारखान्याच्या, तेलाच्या आणि तिजोरीच्या बाजूने मांडला गेला आहे. दोरी ओढणाऱ्याच्या बाजूने तो अजून मांडायचा आहे.